मढच्या बंगल्यातलं गाऱ्हाणं

वेसाव्याहून मढला जाणाऱ्या तरीत बसल्यापासून पार्वतीबाईंनी पदराखाली काहीतरी घट्ट धरून ठेवलं होतं. सुलक्षणेला वाटलं, पोटात दुखत असेल. मीराला एका मांडीवरून दुसरीवर घेत तिनं हळूच विचारलं, “आई, कळ येतेय का?”

“नाय गो,” सासूबाई म्हणाल्या. “नारळ आसा.”

नारळ अंधेरीहूनच आणला होता. घराखालच्या वाण्याकडचे नारळ कानाशी धरून वाजवून, शेंड्या निरखून, वाण्याला पुरता वैताग आणून त्यांनी हा एक निवडला होता. पिशवीत ठेवायला दिला नाही. देवाचं पिशवीत, स्टोव्हच्या आणि मीराच्या दुपट्यांच्या शेजारी, कसं ठेवायचं?

पुढच्या फळीवर चंद्रप्रकाश पिशव्या सांभाळत बसला होता. तो तिथूनच ओरडला, “आई, तो बघ पलीकडे! माड दिसले का, माड? अगदी आपल्या गावासारखं. बेटच आहे ते. बंगल्याच्या पायरीवर बसलीस की समोर समुद्र.”

“बघतंय रे,” पार्वतीबाई म्हणाल्या, पण त्या पाण्याकडे बघत होत्या.

त्यांच्या पोटात गाठ होती. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढून समजावून सांगितलं होतं, की आत्ता काढली तर माणूस स्वतःच्या पायांनी घरी जाईल, आणि उशीर केला तर मग कोणाच्याच हातात काही राहणार नाही. त्यांनी तारीख दिली. त्या तारखेला पार्वतीबाई पहाटे उठल्या, अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसल्या, आणि चपला घालायच्या वेळेला उंबऱ्यात खाली बसल्या. “मी येवचंय नाय.” रिक्षा दारात उभी होती. चंद्रप्रकाश ओरडला, मग पाया पडला, मग पुन्हा ओरडला. त्या उठल्या नाहीत. आता बुधवारची तारीख मिळाली होती, तीही डॉक्टरीणबाईंच्या हातापाया पडून.

कारण सुलक्षणेला ठाऊक होतं. देवगडच्या बाजूच्या त्यांच्या गावात कुठलंही मोठं काम असलं, म्हणजे घर शाकारायचं, विहीर खणायची, मुलीचं लग्न काढायचं, की आधी जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं. जाणत्यानं देवाला हाक मारून सगळं सांगायचं आणि भोवतीच्या घरच्यांनी वाक्यागणिक “व्हय म्हाराजा” म्हणायचं. सांगून झालं की कामाला हात. सासरे, दशरथ, गिरणीत होते तेव्हा सुटीत गावी गेले की गाऱ्हाणं त्यांनीच घालायचं, असा त्यांचा आवाज. पुढे गिरण्यांचा संप झाला, लांबला, त्यांची गिरणी काही पुन्हा उघडली नाही, आणि घरी बसल्या बसल्या ते झिजत गेले. आतड्याचं ऑपरेशन ठरलं. “आधी गावाक जाऊन सांगान येतंय,” एवढंच ते म्हणत राहिले. चंद्रप्रकाशनं ऐकलं नाही. डॉक्टरांनी घाई केली होती, वेळ खरोखरच नव्हता. त्याचं चुकलं असं कोणी म्हणायला धजणार नाही. पण दशरथ टेबलावरून परत आले नाहीत.

“त्यांका न सांगता नेलंव,” पार्वतीबाई अधूनमधून म्हणत. रागानं नाही. आज पाणी उशिरा आलं म्हणावं, तसं म्हणत. चंद्रप्रकाश मग जेवता जेवता उठून जाई.

आता गावी जाऊन गाऱ्हाणं घालावं, तर रात्रभराची एस.टी. आणि घाटाची वळणं डॉक्टरीणबाईंनी साफ बंद केली होती. रस्त्यात काही झालं तर कोण बघणार? म्हणून चंद्रप्रकाशनं ही तोड काढली. तो अंधेरीच्या एका स्टुडिओत वायरमन होता. स्टुडिओवाले शूटिंगला घेत तो मढचा समुद्राकाठचा बंगला दोन शूटिंगांच्या मध्ये रिकामा पडायचा, आणि तिथला रखवालदार धोंडू ओळखीचा. “समुद्र तोच ना गं आई? गावच्या किनाऱ्याला लागतं तेच पाणी इथं लागतं. राखणदार काय फक्त देवगडातच असतो?”

पार्वतीबाईंनी खूप विचार केला होता. मग विचारलं होतं, “तुळस आसा काय थंय?”

“आहे तर! हे एवढं मोठं वृंदावन. अंगणात, समुद्राकडे तोंड करून.”

“मगे चल.”

सुलक्षणेलाही मनातून जावंसं वाटलं होतं. लग्न झाल्यापासून ती दोघं कुठं म्हणून गेली नव्हती. लग्न झालं, संप आला, सासरे गेले, मीरा झाली. समुद्राकाठी एक बंगला, सासूबाईंच्या मांडीवर मीरा, आणि आपण नुसतं पायरीवर बसायचं, हातात काही काम न घेता. एवढं एक चित्र तिनं अंधेरीच्या खोलीत भाकऱ्या थापता थापता किती वेळा रंगवून ठेवलं होतं.

बंगला समोरून खरंच देखणा होता. गुलाबी रंग, उंच खांब, गच्चीला नक्षीदार कठडा. मीरानं बघताक्षणी दोन्ही हात वर केले. चंद्रप्रकाश पुढच्या दाराकडे निघाला तसा धोंडू म्हणाला, “तिकडून नाय. ते दार उघडत नाय. ते नुसतं पुढून आहे.”

मागून गेले, तर मागची भिंत उघड्या विटांची. समुद्राकडच्या खोल्यांना कुलूप, त्या शेटच्या. यांना मिळाली स्वयंपाकघरामागची खोली. तिला रंगाचा आणि बंद ठेवलेल्या सतरंज्यांचा वास. खिडकी उघडली, तर समोर कुंपणाची भिंत, वर काचा लावलेली. समुद्र होता, पण तो नुसता ऐकू येत होता, शेजारच्या घरातल्या रेडिओसारखा. मधल्या दालनात एक रुबाबदार जिना वर चढत जाऊन छताला टेकला होता. वर खोलीच नव्हती.

धोंडूनं विहिरीचं पाणी काढून दिलं. सुलक्षणेनं स्टोव्हवर चहा केला. पार्वतीबाईंनी एक घोट घेतला आणि बशी खाली ठेवली.

“सुलू, साखर समजान मीठ घातलंस काय गो?”

“पाणीच मचूळ आहे, आई.”

“ह्या बंगल्याक तोंड आसा, पाठ नाय,” पार्वतीबाई म्हणाल्या. “ह्यो कोणाचो रे, धोंडू?”

“शेटचा. पण शेट कधी येत नाय. इथं येतात ते सगळे रडायला नाय तर नाचायला. मागल्या महिन्यात ह्याच अंगणात एक लगीन लागलं आणि एक मयत उचललं.”

“मयत?” पार्वतीबाईंनी मीराला जवळ ओढलं.

“खोटं हो, आजी. शूटिंगचं. कट म्हटल्यावर मेलेला उठून विडी प्यायला.”

सुलक्षणेला हसू आलं. पार्वतीबाईंना नाही आलं. त्या उठल्या आणि म्हणाल्या, “तुळस खंय आसा ती दाखव.”

तुळस मात्र चंद्रप्रकाशनं सांगितली होती तशीच होती. अंगणाच्या टोकाला, जिथं भिंत संपून लोखंडी फाटक होतं आणि फाटकातून वाळूचा पट्टा दिसत होता, तिथं वृंदावन उभं होतं. गेरूचा रंग, त्यावर पांढऱ्या रेघांची स्वस्तिकं, चारी बाजूंना कोनाडे, आणि वर हिरवीगार नसली तरी जिवंत तुळस. पार्वतीबाई जागच्या जागी थांबल्या. त्यांचा चेहरा सैल पडला. आल्यापासून कपाळाला जी आठी होती, ती गेली.

मग त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. केरसुणी मागून घेतली आणि पोट एका हातानं धरून, दुसऱ्या हातानं अंगण झाडलं. कळशीभर पाण्याचा सडा घातला, वृंदावनाच्या पायाशी उरलंसुरलं पाणी ओतलं. ऊन उतरल्यावर कोनाड्यात दिवा लावला, कमरेच्या चंचीतून पान-सुपारी काढून विडा मांडला, नारळ ठेवला, आणि मुलाला म्हणाल्या, “टॉवेल घे खांद्यार. घाल.”

चंद्रप्रकाशनं यापूर्वी कधी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. वडिलांच्या मागं उभं राहून “व्हय म्हाराजा” तेवढं म्हटलं होतं. त्यानं घसा खाकरला.

“हे देवा म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा,” दोघी म्हणाल्या.

“आज आम्ही सर्व कुटुंबीय इथं जमलो आहोत…”

“व्हय म्हाराजा.”

“तर आमच्या मातोश्रींचं ऑपरेशन येत्या बुधवारी करण्याचं योजलेलं आहे, तरी आपण…”

सुलक्षणेनं खालचा ओठ दातांत धरला. पार्वतीबाई म्हणाल्या, “अर्ज करतस काय रे? रजा मागूक इलंस? सांग तेका.”

चंद्रप्रकाशनं दिव्याकडे बघितलं. फाटकाबाहेर लाट फुटली, मागं गेली. मग तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, “आईला बरं कर, म्हाराजा. मला दुसरं काही येत नाही.”

“व्हय म्हाराजा,” पार्वतीबाई म्हणाल्या. त्यांनी पदरानं डोळे टिपले. मीराला हा नवाच खेळ वाटला. तिनं टाळ्या वाजवल्या.

नारळ फोडला. सगळ्यांना खोबरं मिळालं, धोंडूलासुद्धा. पार्वतीबाई पायरीवर टेकल्या आणि बऱ्याच दिवसांनी आपण होऊन म्हणाल्या, “भात टाक गो. भूक लागली. आणि बुधवारी जातंय मी. शब्द दिलंय आता.”

सुलक्षणेला वाटलं, खारट चहा गेला, काचांची भिंत गेली, रंगाचा वास गेला. असले दहा फसवे बंगले एका शब्दावरून ओवाळून टाकावेत. तांदूळ धुवायला ती निघाली, तेव्हा अंगणात अजून चांगलं दिसत होतं. मीरा वृंदावनाच्या पायाशी फतकल मारून बसली होती आणि तिचं तोंड पांढरंफट झालं होतं.

“काय खाल्लंस? आ कर. आ!”

तिनं बोट घालून काढलं, तो पांढरा चिखलासारखा गोळा निघाला. आईच्या सवयीनं तिनं तो जिभेला लावून बघितला. खडू. सासूबाईंनी जिथं पाणी ओतलं होतं, तिथं वृंदावनाचा पाय विरघळत होता. गेरूचा ओघळ खाली आला होता, आणि पोपडा सुटला होता तिथं आतलं गोणपाट दिसत होतं. गोणपाटाच्या आत बांबूच्या कांबी. सुलक्षणेनं तळहात टेकवून हलकेच ढकललं. वृंदावन सरकलं, रिकाम्या टोपलीसारखं. टाचा उंचावून तिनं वर पाहिलं. तुळस मातीत नव्हती; डालड्याच्या जुन्या डब्यात होती, आणि डबा नुसता वर बसवलेला होता.

तिनं मीराचं तोंड पुसलं, वृंदावन पुन्हा होतं त्या जागी सरकवलं आणि विहिरीवर गेली. चंद्रप्रकाश पाणी शेंदत होता.

“अहो, ती तुळस…”

त्यानं दोर धरलेला हात थांबवला, पण वळून बघितलं नाही. तेवढ्यावरून तिला कळलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“मीच बल्ब बसवला होता त्याच्या कोनाड्यात, मागच्या शूटिंगला.”

“आणि तिथं आईंना उभं केलंत?”

“हळू बोल.” त्यानं कळशी काठावर ठेवली. “सुले, मला सांग, ती हो म्हणाली की नाही? बाबांच्या वेळेला मी खरं तेच केलं. खरं म्हणजे वेळ नव्हता. काय झालं? आता आयुष्यभर ऐकतोय. ह्या वेळेला खोट्यानं जर आई वाचत असेल, तर मला चालेल. सगळं पाप माझ्या डोक्यावर.”

सुलक्षणेनं त्याच्या हातांकडे बघितलं. हा माणूस दिवसभर खोट्या भिंतींवर खरा उजेड पाडायचा. संध्याकाळी घरी आला की बोटांना तांब्याचा वास यायचा. त्याला खोटं म्हणजे काय वाटणार? भिंत उभी राहिली, काम झालं.

“उद्या सकाळी टेम्पो येणार आहे ते न्यायला,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “दुसऱ्या बंगल्यात लागतंय. त्याआधी आईला वाळूवर घेऊन जा. बराच वेळ बसव. परत आल्यावर विचारलं तर सांगू, दुरुस्तीला नेलं.”

तिनं मान हलवली. हो म्हटलं नाही, पण मान हलवली.

जेवणं झाल्यावर पार्वतीबाईंनी मीराला पायांवर घेतलं आणि तिच्या टाळूला तेल थापटत बसल्या. मीरा पेंगायला लागली. सुलक्षणा भांडी आवरत होती. बोलू की नको, बोलू की नको, असं तिच्या हातातल्या प्रत्येक भांड्यानं तिला विचारलं.

“तुका आठावता?” सासूबाई मध्येच म्हणाल्या. “ह्या चेडू पायाळू होता. सुईणीन माका बाजूक घेवन सांगलान, सुनेक सांगू नको, भियातली.”

“आणि तुम्ही सरळ येऊन सांगितलंत.”

“मगे? हात धरलंय नि सांगलंय, सुलू, पोर उलटा आसा, वायच जास्ती दुखतला. तू रडलंस काय? नाय रडलंस. माणसाक सांगान ठेवला ना, मगे भिया वाटणा नाय. न सांगता कोणी हात धरून न्हेता ना, तेचा भिया.”

सुलक्षणेच्या हातातलं ताट खाली पडलं. मीरा दचकली. “शू, शू,” म्हणत पार्वतीबाईंनी तिला थोपटलं, आणि सुलक्षणा पडलेलं ताट उचलायला वाकली, ती बराच वेळ वाकलेलीच राहिली. तेव्हा सांगता आलं असतं. तिनं सांगितलं नाही. बुधवार, बुधवार, बुधवार होऊन जाऊ दे, एवढंच ती मनात म्हणत राहिली.

सकाळी तिनं सासूबाईंना फाटकातून बाहेर नेलं. ओहोटी होती. समुद्र लांब मागं हटला होता आणि मध्ये करड्या चिखलाचा पट्टा उघडा पडला होता. त्यात चिंध्या, फुटके बल्ब, कुठल्याशा सिनेमातला झगमगीत कागदाचा तुकडा. वाळूत डांबराच्या काळ्या गोळ्या होत्या. पार्वतीबाईंच्या टाचेला एक चिकटली. त्यांनी ती काटकीनं खरवडून काढली. दूर कोळ्यांचे बोंबील वाळत घातलेले दिसत होते, त्यांचा वास येत होता. तेवढा वास मात्र त्यांनी मोठा श्वास घेऊन आत ओढला.

“तेवढा एक गावचा आसा,” त्या म्हणाल्या.

सुलक्षणेनं पदर पसरून त्यांना बसायला जागा केली. मीराला वाळू दिली. गावच्या गोष्टी विचारल्या. मासे कुठं उतरायचे, होड्या कोणाकोणाच्या होत्या. पार्वतीबाई सांगत होत्या, आणि सुलक्षणेचे कान मागं रस्त्याकडे होते. गाडीचा आवाज ऐकू आला. तिनं मोठ्यानं आणखी एक प्रश्न विचारला. तोच पार्वतीबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

“तुळशीक पाणी घालूचा ऱ्हवला.”

“मी घालते नंतर. बसा ना, आई.”

“तू कित्याक? गाऱ्हाणा माझा, पाणी माझा.” आणि त्या निघाल्याच. पोटात गाठ असलेलं माणूस वाळूतून इतक्या भरभर चालेल, असं सुलक्षणेला वाटलं नव्हतं. मीराला उचलून ती मागोमाग धावली.

फाटकाशी त्या पोचल्या, तेव्हा दोघं हमाल वृंदावन घेऊन अंगण ओलांडत होते. दोघांची तरी काय गरज होती! एकानं ते कमरेवर घागर घ्यावी तसं घेतलं होतं, दुसरा नुसता हात लावून चालत होता आणि त्याच्या ओठांत विडी होती. कोनाड्यातली कालची वात खाली पडली. पायाचा भिजलेला तुकडा निखळून फरशीवर आपटला आणि त्याचा भुगा झाला. तुळशीचा डबा त्यांनी काढून भिंतीच्या कडेला ठेवला होता. “झाड राहू दे, तिकडं प्लास्टिकचं लावणार आहेत,” विडीवाला म्हणाला, आणि टेम्पोची मागची फळी धाडकन लागली.

चंद्रप्रकाश टेम्पोजवळ उभा होता. त्यानं आईला पाहिलं. टेम्पो गेला तरी तो तिथंच उभा.

पार्वतीबाई अंगणात आल्या. वृंदावन होतं तिथं एक चौकोनी कोरडी खूण होती, तेलाचा डाग होता, विड्याचं पान होतं. त्यांनी ते सगळं बघितलं.

“चंदू, तुका म्हायत होता?”

चंद्रप्रकाशनं टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकला. “आई, अगं देव काय दगडात असतो, की मातीत असतो, की…”

“म्हायत होता काय नाय, इतक्याच इचारतंय.”

“होतं.”

त्यांनी मान वळवली. “आणि तुका?”

हो म्हणण्यावाचून सुलक्षणेला सुटका नव्हती. पण नुसतं हो पुरेसं नव्हतं, हेही तिला कळत होतं. “काल संध्याकाळी कळलं, आई. तुम्ही भात मागितलात त्याच्यानंतर. मी सांगितलं नाही.”

पार्वतीबाई भिंतीचा आधार घेत खाली बसल्या. मीरा त्यांच्याकडे जायला झेपावली, तर त्यांनी तिला घेतलंही नाही. हे कधी झालं नव्हतं.

“मी शब्द कोणाक दिलंय मगे?” त्या म्हणाल्या. “ह्या गोणपाटाक? माका घराक न्हेवा. बुधवारी मी खंय जावचंय नाय.”

“आई, तू मरशील!” चंद्रप्रकाशचा आवाज फाटला. “कळतं का तुला? मरशील!”

“मरान. सांगान तरी मरान.”

धोंडू विहिरीकडून येत होता, तो हे ऐकून अर्ध्यात थांबला. चंद्रप्रकाश भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. सुलक्षणेला त्या क्षणी बुधवार हातातून निसटताना दिसला, आणि त्यापलीकडचं सगळं दिसलं: अंधेरीची खोली, तिच्यात सासूबाईंचं अंथरूण नाही, मीराच्या टाळूला तेल घालणारा तो हात नाही. तिची स्वतःची आई ती परकरात असतानाच गेली होती. हा हात तिला उशिरा मिळाला होता.

तिनं मीराला धोंडूच्या हातात दिलं. भिंतीकडेचा डालड्याचा डबा उचलून आणला आणि त्या कोरड्या खुणेवर, तेलाच्या डागावर ठेवला. पदर डोक्यावर घेतला. गाऱ्हाणं बायका घालत नाहीत, हे तिला माहीत होतं. मालवणी तिला नीट येत नव्हती. ती घाटकोपरच्या चाळीत वाढलेली. ती हात जोडून उभी राहिली.

“म्हाराजा,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. “ही जागा कोणाची आहे, आम्हाला ठाऊक नाही. जो कोणी असशील, त्याला सांगते.”

कोणी काही म्हटलं नाही.

“काल आम्ही इथं हात जोडले, ते चुकीच्या ठिकाणी जोडले. यांना ते माहीत होतं. आई जाईल या भीतीपायी यांनी ते केलं. मला संध्याकाळी कळलं. मी ताट उचलायच्या निमित्तानं खाली वाकून राहिले, पण बोलले नाही. ती चूक आमच्या दोघांची आहे. आईच्या पदरात घालू नकोस.”

“व्हय म्हाराजा,” मागून चंद्रप्रकाश म्हणाला. भिंतीकडे तोंड करूनच.

“हिच्या पोटात गाठ आहे. बुधवारी कापून काढणार आहेत. दुखेल. भूल देतील, तेव्हा तिला आम्ही दिसणार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरी येईल. मला खात्रीनं माहीत नाही. त्यांनाही नसेल.” तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. “मागच्या वेळी बाबांना न सांगता नेलं. त्या वेळचंही आज सांगते. वेळ नव्हता, म्हाराजा. आज वेळ आहे. म्हणून हिला सांगून नेतोय. तुलाही सांगून नेतोय. हिचा हात धरून मी दारापर्यंत जाईन, आणि ती बाहेर येईपर्यंत दारातून हलणार नाही.”

फाटकाबाहेर भरती लागली असावी. पाण्याचा आवाज जवळ आला होता. धोंडूच्या कडेवरून मीरा तिच्याकडे टक लावून बघत होती.

पार्वतीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटलेले होते. मग त्यांनी घसा साफ केला, आणि सुलक्षणेला जेमतेम ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या,

“व्हय म्हाराजा.”

चंचीतून उरलेली एक सुपारी काढून त्यांनी सुनेकडे हात लांबवला. तिनं ती डब्याच्या मातीत ठेवली.

निघायच्या वेळी चंद्रप्रकाशनं पिशव्या भरल्या. धोंडूनं विचारलं, “आजी, डबा घेऊन जाता का? इथं तशी पण सुकूनच जाईल.” पार्वतीबाईंनी डबा उचलला. बंगल्याकडे त्यांनी वळून बघितलं नाही. सुलक्षणेनं बघितलं; लांबून तो पुन्हा देखणा दिसत होता.

तरीत वारा होता. पार्वतीबाईंनी डबा मांडीवर घेऊन त्याच्यावर पदर ओढला होता, तुळशीला वारा लागू नये म्हणून. मुलाशी त्या अजून बोलल्या नव्हत्या. पण तो पुढच्या फळीवर ऊन खात बसलेला बघून म्हणाल्या, “टॉवेल घे रे डोक्यार.” त्यानं मुकाट्यानं घेतला.

वेसाव्याचा धक्का जवळ आला, तेव्हा त्यांनी कोपरानं सुनेला ढोसलं.

“सुलू, हास्पिटलात पेज देतत काय गो? का तू आणतलंस?”

“मी आणीन, आई.”

“मीठ बेतान घाल. तुझ्या त्या चायसारखा नको.”